रिकाम्या पोटाची अट

कंधार, १२ डिसेंबर २०२४

साक्षी,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिणार होते. तुला माझा आशीर्वाद चालतो की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. माझा नंबर तू बंद करून टाकलायस असं माझा अमरेश म्हणतो. पत्र कुणाला बंद करता येत नाही, पोस्टमन आणून टाकतोच. फाडायचं तर वाचून फाड.

काम आहे म्हणून लिहितेय. गरज पडली की काकूला पुतणी आठवली, असं तू म्हणशील. म्हण. तू लातूरला सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहेस आणि मला असं कुणीतरी हवंय जे माझ्याशी गोड बोलणार नाही.

ऑगस्टमध्ये नांदेडला माझं ऑपरेशन झालं. सात-आठ वर्षं आतड्याला जखमा होत्या, रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून अंगावर काढलं. शेवटी मोठं आतडं सगळं काढावं लागलं आणि खालची वाटही शिवून टाकली. आता लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला आणलंय, त्यावर पिशवी. जन्मभराची. जे तुझ्या आईला होतं, अगदी तेच. आम्ही दोघी जावा, रक्ताचं नातं नाही. आक्काचं दुखणंही वेगळं, तिच्या आतड्याला पीळ पडला होता. पण पोचलो एकाच जागी. सासूबाई म्हणाल्या, "ह्या घराचीच दिष्ट लागल्याली हाय."

अमरेशचं लग्न ठरलंय, आठ मे. मुलगी उमरीची, दीपमाला नाव. त्या लोकांना माझ्या पोटाचं सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी कुलदैवताचा पुरणाचा नैवेद्य घरच्या चुलीवर घरच्या सुनेनं करायचा, म्हणजे आता मी, हे तुला माहीत आहे. चाळीस बायका भोवती आणि मी पुरण वाटत बसलेली, आणि मध्येच पोटावरचं तोंड आवाज करणार. त्याला लाज नसते, ते कधीही बोलतं. म्हणून मला पिशवीतून सुटायचंय, मे महिन्याच्या आत.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर उमरीच्याच एक बाई होत्या. त्या रोज सकाळी तासभर बसून पोटावरच्या तोंडातून नळीनं पाणी सोडतात, आतडं धुऊन घेतात, आणि मग दिवसभर नुसती टोपीसारखी छोटी चकती लावून फिरतात. मला हेवा वाटला. पण डॉक्टर म्हणाले, ते मोठं आतडं शिल्लक असलेल्यांसाठी. तुमच्या तोंडातून दिवसभर पातळ वाहतच राहणार. खालून पुन्हा जोडणं असतं म्हणे, पण माझी खालची वाटच राहिली नाही. राहता राहिलं तिसरं. पोटाच्या आतच थैली शिवायची. ते हैदराबादला होतं. तुझं काय मत आहे ते लिही. दोन ओळी पुरे.

आक्काचा फोटो देवघरात आहे. सोमवारी बायका येऊन हात जोडतात. निर्जळी उपासात गेली, पुण्यवान बाई, म्हणतात. दिवा मीच लावते. तुझी आई फार भाविक होती, साक्षी.

तुझी,
तारामतीकाकू


कंधार, १९ जानेवारी २०२५

साक्षी,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते.

हैदराबादला जाऊन आलो, मी आणि तुझे काका. डॉक्टर शांत माणूस. कागदावर चित्र काढून दाखवलं. लहान आतड्याचीच थैली शिवून पोटात ठेवायची, तिच्या तोंडाला आतड्याचीच झडप करायची. बाहेर काही लटकत नाही. पोटावर बारीक भोक, त्यावर कापडाची घडी. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून थैली रिकामी करायची, की झालं. मी म्हटलं, मग अडलंय कुठे? ते म्हणाले, "झडप सरकते. दहातल्या तीन-चार जणांची सरकते. सरकली की पुन्हा पोट उघडावं लागतं. आणि अशी थैली शिवताना बरंच आतडं लागतं, ती काढायची वेळ आली तर तेवढं आतडं गेलं."

काकांनी चित्राचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला एवढंच म्हणाले, "तू जे करून राहिली ते करच. पण कुणासाठी करून राहिली, ते एकदा सांग." हा माणूस वर्षातून एखादं वाक्य बोलतो आणि तेही नको तेव्हा. मी २४ मार्चची तारीख घेऊन आले.

परतताना नांदेडला पिशव्या घ्यायला थांबलो. तिथं धम्मप्रिया नावाची सिस्टर आहे, तुझ्याच वयाची, ह्या पिशव्यांचं सगळं तीच बघते. तिला मी सहज विचारलं, पोट रिकामं ठेवलं तर पिशवी भरत नाही ना? म्हणजे कधी लग्नकार्याला वगैरे. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"ताई, लहान आतड्याचं तोंड असलेल्या माणसानं उपास धरायचाच न्हाई. पोटातलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं, ते तुम्हाला न्हाईच. तुम्ही खा न खा, अंगातलं पाणी अन् मीठ ह्या पिशवीतून जातच ऱ्हातं. निर्जळी तर इसरूनच जा. उन्हाळ्यात दोन दिवसांत किडन्या बंद पडतात. माणूस हातचं जातंय."

मी बरं म्हटलं, पिशव्या मोजून घेतल्या, बसमध्ये बसले. लोहा आलं तेव्हा कळलं की दवाखान्याच्या दाराशी काढलेली चप्पल तिथेच राहिलीय. उन्हामुळे होतं असं. जानेवारीतलं ऊनसुद्धा हल्ली लागतं.

स्वयंपाकघरात आजकाल मी दुपारची बसत नाही. सासूबाई आणि काका निजतात, बाहेर कुत्रंसुद्धा हलत नाही, आणि फडताळातला तांब्या वाजतो. घासून पालथा ठेवलेला तांब्या. उंदीर असेल. मी दोनदा पाहिलं, उंदीर नाही.

काकू


कंधार, ११ फेब्रुवारी २०२५

साक्षी,

तुझं पाकीट मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, पण अक्षर मी ओळखलं. ‘क’ला तू अजून तशीच पोट फुगवतेस. हातावर छड्या खाल्ल्यास तरी सुटलं नाही.

तू कामाचं लिहिलंयस. आतल्या थैलीला वर्षभर तरी थांबा, पोट आधी बरं होऊ द्या. लग्नाची तारीख बघून पोट कापून घेऊ नका. नळी जन्मभर, प्रवासात, लग्नात, कुठेही घालावी लागेल, ती विसरलात तर थैली फुगते. थैलीला सूज येते, ताप येतो. हे सगळं पत्करून ज्यांना पिशवी अजिबात सहन होत नाही, कातडी सोलते, त्यांनी करावं, आणि त्यातले कितीतरी जण समाधानी आहेत. मग पिशवीचं लिहिलंस. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करा, पोटावर पट्टा बांधा, केळं, भात, साबुदाणा खा म्हणजे घट्ट होतं. मीठ-साखरेचं पाणी रोज प्या. पिशवी दिसेल म्हणून खाणं कमी करू नका.

सगळीकडे ‘तुम्ही’. पूर्वी तू मला ‘अगं काकू’ म्हणायचीस.

आणि सगळ्यात खाली, जागा सोडून, एक ओळ. ‘त्या दिवशी आई पाणी प्यायली होती का?’

हो, प्यायली होती. मी स्वतः दिलं. तुला कुणी काय सांगितलंय ठाऊक नाही. अकरा वर्षं झाली साक्षी, अशा जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं? तुझे अप्पा गेले तेव्हा तू आलीस, दिवसभर ओसरीवर बसलीस, घरचं पाणीसुद्धा तोंडात घेतलं नाहीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलीस. आख्ख्या गावानं पाहिलं. तेव्हा मला किती लागलं असेल, ह्याचा विचार केलास का?

पट्टा मागवलाय.

काकू


कंधार, २ मार्च २०२५

साक्षी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

शिवरात्रीला मी उपास धरला. सासूबाई दोन महिने मागे लागल्या होत्या, "तुझी जाऊ कशी तीन-तीन दिस निर्जळी ऱ्हायची अन् नैवेद्याला बसायची. कुणाला पिशवी दिसली का वास आला? तू बी धर. त्या हैदराबादेला कशाला पोट फाडून घ्यायलीस?" पण म्हातारीचं नाव मी पुढे करत नाही. धम्मप्रिया सिस्टर काय म्हणाली ते मला पाठ होतं. तरी धरला. मला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. पिशवीत हिरवं पाणी येत राहिलं. पोटात घास नाही, घोट नाही, आणि तरी येतच राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पायात गोळे आले. जीभ टाळ्याला चिकटली. मी चुलीपाशी बसले होते, आणि समोर आक्का बसली होती. भिंतीला टेकून, पदर पोटावर दाबून, जशी शेवटच्या दिवशी बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. फडताळाकडे बघत होती. मला भीती वाटली, खूप भीती वाटली, पण भुताची नाही. ती आता मागेल आणि मला पुन्हा तेच उत्तर द्यावं लागेल, ह्याची.

त्यानंतरचं मला आठवत नाही. काकांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. चार सलाइन लागली. तिथला तरुण डॉक्टर चिडला होता, म्हणाला, "अजून अर्धा दिवस गेला असता तर कागद वेगळा करावा लागला असता."

आक्का त्या दिवशी पाणी प्यायली नव्हती. नणंदेच्या लग्नाचा आदला दिवस, तिसरा दिवस निर्जळी, आणि वैशाख. तिनं काहीतरी मागितलं, पण तिच्या उदगीरकडच्या कानडी बोलीत मागितलं. तापात माणूस माहेरच्या भाषेत बोलतं. मला ते कळलं नाही. गर्दी होती, भांडी वाजत होती. संध्याकाळी ती उठेना, नांदेडला नेईपर्यंत उशीर झाला.

हे खरं आहे. आता मला झोप लागेल असं वाटतं.

काकू


कंधार, १८ एप्रिल २०२५

साक्षी,

झोप लागली नाही.

एकाच चुलीवर अठरा वर्षं काढली आम्ही. अमरेश पाळण्यात होता तेव्हा आक्का त्याला ‘नीरू, नीरू’ म्हणत वाटीनं पाणी पाजायची. त्याचा पहिला शब्द तोच. आणि मला नीरू म्हणजे काय ते कळत नव्हतं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात लख्ख ऊन होतं.

तिनं म्हटलं, "तारा, नीरू." मी म्हटलं, "थोडा दम काढा आक्का, पंगत उठू दे."

आता सगळंच लिहिते, कारण थांबले तर पुन्हा काहीतरी चांगलं लिहीन माझ्याबद्दल.

उपास तिचा नव्हता, माझा होता. तिचं ऑपरेशन झाल्यावर पहिल्या कुळाचाराला मी बायकांसमोर अट घातली. "आक्का, पोटात घाण घेऊन नैवेद्याला कसं बसायचं? पोट रिकामं ठिवा दोन-तीन दिस, मग काय अडचण न्हाई." सासूबाईंनी मान हलवली आणि तो नियम झाला. देव बाटेल अशी भीती मला नव्हती. माझी पोळी तव्यावर फुटायची आणि आक्काची टम्म फुगायची, अंगठ्याएवढ्या पिठात मूठभर पुरण. प्रत्येक कार्याला पाहुणे विचारायचे, नागम्मानं केल्या का पोळ्या? पंधरा वर्षं मी हे ऐकलं. मला वाटलं, तीन दिवस उपाशी राहायचं म्हटल्यावर ती आपणहून बाजूला होईल आणि परात माझ्याकडे येईल. ती बाजूला झाली नाही. हसली आणि म्हणाली, "बरं की." तिला त्या चुलीपासून उठायचं नव्हतं. घरात तिची तेवढीच एक जागा उरली होती, आणि मी त्या जागेचं भाडं तिच्या पोटातून घेतलं.

मरेल असं मला ठाऊक नव्हतं. हे खरं आहे आणि ह्याचा मला काही उपयोग नाही.

ती गेल्यावर गावानं निर्जळी उपासातली सती-सावित्री केली तिला. मी फोटो मोठा करून आणला. हार मी घातला. तेराव्याला तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलंस, "काकू, आई तर अप्पांकडून चोरून चिवडा मागवून खायची, ती उपास कशाला धरायची?" सतरा वर्षांची पोर. मी तुझ्या थोबाडीत मारली. आणि सगळ्यांना सांगितलं, आईच्या दुःखानं पोर भ्रमिष्टासारखं करून राहिलीय.

हैदराबादला मी गेले नाही. २४ मार्चला सकाळी बॅग भरली होती. काकांचं ते वाक्य आडवं आलं. कुणासाठी? ज्यांची कातडी सोलते, ज्यांना खरंच जगणं नकोसं होतं, त्यांनी करावं. माझी कातडी ठणठणीत आहे. पिशवी घट्ट बसते, वास येत नाही, तुझ्या पट्ट्यानं आवाजही दबतो. मला पिशवी नको होती ती फक्त त्या चुलीसाठी. चाळीस बायकांनी मला रिकामं समजावं म्हणून पोटात आणखी एक थैली शिवून घ्यायची, आणि त्यांच्यासमोर बसून आक्काच्या जागेवर पोळ्या लाटायच्या. मला ते जमेना. मी बॅग उपसून कपडे घडी करून ठेवले.

विहीणबाईंना मीच फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओ, आमाला कवाच ठाऊक हाय. तुमच्या शेजारच्या खाटंवर आमच्या मोठ्या जाऊबाईच होत्या की. आमी म्हटलं, तुमाला सांगायचं आसंल तवा सांगताल." ज्याच्यासाठी आठ महिने झाकलं ते उघडंच होतं. मी फोन ठेवून एकटीच हसत बसले, खूप दिवसांनी.

सोबत लग्नाची पत्रिका आहे. ये असं म्हणायचा माझा हक्क नाही. सात तारखेला नैवेद्य आहे. त्या दिवशी मी जेवून चुलीपाशी बसणार आहे.

काकू


कंधार, १० मे २०२५

साक्षी,

तू आलीस ते मी पाहिलं. मी पाहिलं हे तू पाहिलंस की नाही, ते मला ठाऊक नाही.

तू किती ऐकलंस हे मला कळायला हवं, म्हणून पहिल्यापासून लिहिते. सात तारखेला सकाळी मी अंघोळ केली, पिशवी बदलली, आणि सगळ्यांसमोर परातीत भाकरी कुस्करून खाल्ली, वर मीठ-साखरेचं पाणी प्यायले. नैवेद्याआधी घरची सून जेवते, हे त्या स्वयंपाकघरानं कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई उभ्या राहिल्या. "तारा, भ्रमली का? खाऊन नैवेद्याला बसती? अन् तेबी हे आसलं पोट घिऊन? तुझ्या जावंनं जीव दिला पर नेम मोडला न्हाई."

मी सासूबाईंना म्हटलं, "जीव दिला न्हाई मामी. मी घेतला."

नणंद पुढे आली, "वहिनी, गप ऱ्हा, पाहुणे हाईत." मी गप्प राहिले नाही. अट मी घातली, का घातली, सगळं सांगितलं. तिनं पाणी मागितलं ते सांगितलं. आणि एक गोष्ट सांगितली जी तुला पत्रातही लिहिली नव्हती. तिनं दोनदा मागितलं. पहिल्यांदा मी ‘पंगत उठू दे’ म्हटलं. दुसऱ्यांदा तिनं मागितलं नाही, नुसता हात पुढे केला, तांब्या हाताच्या अंतरावर होता. मी तो उचलला, पाणी मोरीत ओतलं आणि तांब्या पालथा करून फडताळात ठेवला. इतक्या बायका होत्या, कुणाला काही वावगं वाटलं नाही. नेम पाळण्यात मी तिला मदतच करत होते ना.

पुरण करपायला लागलं होतं, त्याचा वास येत होता. आणि मग मी वर पाहिलं तर दारात तू.

उन्हानं तुझा चेहरा लाल झाला होता. चप्पल काढून तू आत आलीस, कुणाकडे न बघता देवघरात गेलीस. फोटोवरचा हार काढून पाटावर ठेवलास. फोटो ओढणीनं पुसलास, तिच्यातच गुंडाळलास आणि निघालीस. सासूबाई म्हणाल्या, "आगं पोरी, देवी हाय ती घरची." तू म्हणालीस, "माझी आई हाय ती." एवढंच बोललीस. माझ्या अंगावरून गेलीस, तुझी ओढणी माझ्या हाताला लागली.

अमरेश मागे धावला होता. साडेबाराची बस सुटली होती, असं येऊन सांगितलं.

पुरणाचं दुसरं घातलं. पोळ्या मीच लाटल्या. फुटल्या, नेहमीसारख्या. तशाच नैवेद्यावर ठेवल्या. पोट दोनदा बोललं आणि मी त्याला बोलू दिलं. लग्न नीट झालं. विहीणबाईंच्या जाऊबाई माझ्या शेजारी पंगतीला बसल्या, जोडीनं जेवलो. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. काकांनी काल दुपारी फडताळातला तांब्या काढला, भरला आणि चुलीपाशी सुलटा ठेवला. मी त्यांना तांब्याचं कधी सांगितलं नव्हतं. ते त्या बायकांच्या मागे ओसरीवर बसून ऐकत होते, हे मला नंतर कळलं.

तांब्या आता वाजत नाही. ह्याचा अर्थ ती गेली असा मी लावत नाही. तू तिला घेऊन गेलीस, एवढंच. देवघराच्या भिंतीवर फोटोएवढा पांढरा चौकोन राहिलाय आणि सासूबाई अजून त्यालाच हात जोडतात.

माफी मागत नाही. तू देऊ नकोस. ह्या पत्राला उत्तरही देऊ नकोस. फक्त एक विचारायचंय, आणि हे विचारायला मला तोंड नाही हे ठाऊक असूनही विचारते, कारण तीन दिवस दुसरं काही सुचत नाही.

लातूरहून तू भर उन्हात आलीस. आमच्या घरचं तू घेणार नव्हतीस, ते ठीक. पण बसस्टँडवर, वाटेत, कुठेतरी, त्या दिवशी तू पाणी प्यायली होतीस का?

तारामती